लहान लाकडी होडीसाठी इपॉक्सी: किलोचा भाव आणि होडीचा भाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेतीन मीटरची, 6 मिलिमीटर प्लायवूडची वल्ह्याची होडी तुम्ही घरीच बांधायला घेतली आहे. तक्ते तारेने शिवायचे, कोपरे इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवले की घट्ट होणारा पदार्थ) भरायचे आणि वरून काचकापड, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, चढवायचं, अशी पद्धत. आराखड्यात ‘मरीन इपॉक्सी वापरा’ एवढंच लिहिलंय. नावाजलेल्या ब्रँडचं रेझिन खिशाला झेपत नाही. त्याच्या तिसऱ्या हिश्शात टेबलावर ओतायचं पारदर्शक रेझिन मिळतंय. कुणी फरशीचं इपॉक्सी सुचवतंय, कुणी म्हणतंय पॉलिस्टर रेझिनच लावा. शिवाय जुन्या कामातला एक अर्धा डबा साखरेसारखा गोठलाय, तो टाकून द्यायचा का, हेही तुम्ही विचारलंय.

गेली अठरा वर्षं मी लहान होड्या बांधतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. दुरुस्तीला येणाऱ्या होड्या बघूनच सांगतो, की किलोच्या भावावरून इपॉक्सी निवडलं तर बहुतेक वेळा फसगत होते. होडीला एकूण किती किलो लागणार, त्यातलं वाया किती जाणार आणि लावलेलं पुन्हा खरवडून काढावं लागणार का, यावर खरा खर्च ठरतो. म्हणून आधी होडीत इपॉक्सीकडून कोणती कामं करून घ्यायची आहेत ते पाहू.

कामं चार. लाकडाला लाकूड चिकटवणं, कोपऱ्यात गोलाई भरणं (तिला आम्ही फिलेट म्हणतो), काचकापड भिजवून लाकडावर बसवणं, आणि उरलेल्या लाकडावर पाणी अडवणारा थर देणं. चारही कामांना एकच रेझिन वापरायचं असेल तर ते काचकापडात झटकन मुरेल इतकं पातळ हवं, पण उभ्या बाजूवरून ओघळून जाईल इतकं पातळ नको. पातळ थरातही ते पूर्ण घट्ट व्हायला हवं आणि उन्हात तापल्यावर मऊ पडायला नको. या प्रकाराला लॅमिनेटिंग इपॉक्सी म्हणतात. डब्यावर होडीचं चित्र नसलं तरी चालेल, हे गुण मात्र हवेतच.

आता स्वस्त आणि महाग यांत फरक कशाचा असतो? बाजारातल्या बहुतेक इपॉक्सींचं मूळ रेझिन जवळपास एकच असतं, बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांपासून बनलेलं. ते मोठ्या रासायनिक कारखान्यांत तयार होतं आणि ब्रँडवाले ते घेऊन आपापलं मिश्रण बनवतात. हे मूळ रेझिन मधासारखं दाट असतं. 25 अंश सेल्सिअसला त्याची दाटी 11,000 ते 14,000 सेंटिपॉइज भरते. पाण्याची दाटी 1 धरली तर एरंडेल तेलाची काही शेकड्यांपासून हजारापर्यंत जाते, आणि काचकापडासाठी आपल्याला एरंडेलाच्या आसपासचंच मिश्रण हवं असतं. त्यामुळे प्रत्येकाला ते पातळ करावं लागतं. हे पातळ कशाने केलंय आणि जोडीला हार्डनर कोणता दिलाय, त्यावर माल चांगला की वाईट ते ठरतं.

काही पातळ करणारी द्रव्यं रासायनिक क्रियेत भाग घेतात आणि रेझिनच्या साखळीतच गुंफली जातात. हा चांगला मार्ग. बेन्झिल अल्कोहोल किंवा नोनिलफेनॉल अशी द्रव्यं मात्र साखळीत जोडली जात नाहीत, नुसती मध्ये अडकून बसतात. थोड्या प्रमाणात ती चांगल्या मालातही असतात, पण भरपूर घातली की माल स्वस्त होतो, छान वाहतो आणि कायमचा थोडा मऊ राहतो. तिसरा प्रकार म्हणजे सरळ सॉल्व्हंट. तो उडून जातो आणि मागे बारीक छिद्रं आणि आकसलेला थर ठेवतो. घरी ॲसिटोन किंवा थिनर घालून रेझिन पातळ करणारे हेच ओढवून घेतात. रेझिन फार दाट वाटत असेल तर डबा कोमट पाण्यात ठेवा. थिनर नको.

हे दुकानात ओळखायचं कसं? विक्रेत्याकडून दोन कागद मागा: तांत्रिक माहितीपत्रक आणि सुरक्षा माहितीपत्रक. सुरक्षापत्रकाच्या तिसऱ्या विभागात घातक घटकांची नावं आणि त्यांचं अंदाजे प्रमाण दिलेलं असतं. दोन ब्रँडचे तिसरे विभाग शेजारी ठेवून वाचले तर कित्येकदा महाग डब्यात आणि साध्या औद्योगिक डब्यात फारसा फरक नसल्याचं दिसतं, आणि कधी फार मोठा फरक असल्याचंही. तांत्रिक पत्रकात मी चार गोष्टी बघतो. ‘100 टक्के घन’ म्हणजे सॉल्व्हंटविरहित आहे का, मिसळल्यावरची दाटी किती, थर किती जाडीचा द्यायला सांगितलाय आणि काचेसारखा कडकपणा किती तापमानाला सुटतो. हे शेवटचं तापमान खोलीच्या उबेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत साधारण 50 ते 60 अंश असतं. त्याच्याही बरंच खाली असेल, किंवा विक्रेता कागदच देत नसेल, तर तो माल होडीसाठी घेऊ नका.

याच जागी मी स्वतः चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी दुसरी होडी, दोन माणसांची कॅनू. विक्रेता म्हणाला, ‘होड्यांनाही चालतं’, आणि भाव निम्मा होता. ते ओतीव कामाचं रेझिन होतं, म्हणजे तुम्हाला मिळतंय त्याच जातीचं. अशी रेझिनं जाड ओतायला बनवतात, त्यामुळे ती मुद्दाम संथ ठेवलेली असतात. जाड ओतलं की आतल्या उष्णतेने ती घट्ट होतात, पण पातळ थरात ती उष्णता साठतच नाही. कापड भिजवलं तेव्हा फार सुंदर मुरलं, एकही बुडबुडा नाही. सकाळी बघतो तर बाजूंवरचं रेझिन ओघळून तळाच्या कडेला साचलेलं, आणि वरच्या भागात कापडाची वीण कोरडी पांढुरकी दिसत होती. आठवड्यानंतरही नख दाबलं की खूण उठायची. तरी मी ती गडद हिरवी रंगवली. पुढे एका कडक उन्हाच्या दिवशी ती गाडीच्या टपावर बांधून नेली. उतरवली तेव्हा दोन्ही कडांवर पट्ट्यांचे वळ उठले होते आणि रंगाखालून कापडाची वीण चौकटी चौकटींनी वर आली होती. ते सगळं हीट गनने तापवून पत्र्याने खरवडून काढायला मला अकरा दिवस लागले. रेझिनवर वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे सँडपेपरात आणि नव्या कापडात गेले. तर टेबलाच्या रेझिनला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

फरशीच्या इपॉक्सीचं असं सरसकट सांगता येत नाही. त्यात पाण्यावर आधारित प्राइमर असतात, सॉल्व्हंटवाले असतात, रंग मिसळलेले आपोआप सपाट होणारे थर असतात. हे सगळे बाद. पण त्याच कंपन्या कधी कधी बिनरंगाचं, 100 टक्के घन असं बाइंडर रेझिन विकतात. त्याचं माहितीपत्रक वरच्या कसोटीला उतरलं तर ते उत्तम काम देतं, आणि मोठ्या पॅकमध्ये येत असल्याने परवडतंही. माझ्या शेवटच्या तीन होड्या अशाच औद्योगिक रेझिनच्या आहेत.

पॉलिस्टरबद्दल टोकाचं बोललं जातं, तेव्हा दोन्ही बाजू सांगतो. 1963 साली आलेली मिरर डिंगी ही प्लायवूडची शिडाची होडी तांब्याच्या तारेने शिवून काचपट्टी आणि पॉलिस्टर रेझिननेच जोडली जायची. अशा होड्या हजारोंनी बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक दशकांनंतरही पाण्यात होत्या. म्हणजे पॉलिस्टरने होडी होतच नाही, असं नाही. पण पॉलिस्टर घट्ट होताना आकसतं, लाकडावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते, आणि एकदा कुठून पाणी शिरलं की पट्टी सालीसारखी उचलली जाते. शिवाय एक बंधन कायम लक्षात ठेवा: घट्ट झालेल्या पॉलिस्टरवर घासून इपॉक्सी लावता येतं, पण इपॉक्सीवर लावलेल्या पॉलिस्टरचा भरवसा नसतो. एकदा इपॉक्सीने सुरुवात केली की शेवटपर्यंत इपॉक्सीच. पहिल्या होडीला मी पॉलिस्टर सुचवणार नाही.

नावाजलेल्या मरीन ब्रँडच्या बाजूनेही बोललं पाहिजे. लाकूड आणि इपॉक्सी यांची आज रूढ असलेली पद्धत बरीचशी अमेरिकेत मिशिगनमधल्या गूजन बंधूंनी रुजवली. 1969 साली सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीतूनच वेस्ट सिस्टिम हा इपॉक्सीचा ब्रँड आला. अशा मालात तुम्ही वेगवेगळ्या तापमानासाठी हार्डनरची निवड, मोजून देणारे पंप, वर्षानुवर्षं तेच राहणारं मिश्रण आणि नीट लिहिलेली माहिती विकत घेता. एकच होडी बांधायची असेल, हाताशी वेळ कमी असेल आणि चाचण्या करायचा कंटाळा असेल, तर तो जादा पैसा वाया जात नाही. तुम्हाला चाचण्या करायची तयारी असेल तरच पुढचं सगळं उपयोगी.

आता लागणाऱ्या मालाचा हिशेब करू. तुमच्या होडीची बाहेरची बाजू साधारण 5 चौरस मीटर धरतो. कोरडं लाकूड पहिल्या हाताला चौरस मीटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास पितं. 200 ग्रॅम वजनाचं कापड हाताने भिजवताना जवळपास स्वतःच्या वजनाइतकं रेझिन घेतं. त्यावर वीण बुजवायला 120 ग्रॅमचे दोन हात. हे चौरस मीटरला 540 ग्रॅम, म्हणजे बाहेरून एकूण 2.7 किलो. आतली बाजू, आडभिंती आणि बाकं मिळून 9 चौरस मीटर, तीन हातांचे 300 ग्रॅम प्रमाणे आणखी 2.7 किलो. कोपऱ्यांची लांबी 25 मीटर आणि फिलेटची त्रिज्या 20 मिलिमीटर धरली तर मसाला, म्हणजे भुकटी घालून दाट केलेलं इपॉक्सी, 2 लिटरच्या थोडा वर लागतो, त्यात रेझिन दीड ते पावणेदोन किलो. त्यावरच्या काचपट्ट्यांना अर्धा-पाऊण किलो. बेरीज पावणेआठच्या आसपास. पहिल्या होडीला वीस टक्के वाया जाणं धरा. म्हणजे नऊ-साडेनऊ किलो.

या आकड्यांतच बचतीच्या जागा दिसतात. फिलेटला लागणारा माल त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 20 ची त्रिज्या 14 वर आणली की मसाला निम्मा होतो. 6 मिलिमीटरच्या प्लायवूडवर फिलेटवर काचपट्टी येणार असेल तर एवढी पुरते, पण आराखडा करणाऱ्याने जी त्रिज्या दिली असेल ती आधी बघा, तो बोजा त्याने मोजलेला असतो. मसाल्यात लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी फ्यूम्ड सिलिका (मिश्रण ओघळू न देणारी अतिबारीक भुकटी) घाला. पीठ तर तुमच्याच सँडरच्या पिशवीत मिळेल. मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी) हलके आणि घासायला सोपे असतात, पण ते पृष्ठभाग सपाट करण्यापुरतेच, सांध्यात कधीच नाहीत. कापड भिजलं की रबरी पट्टीने जादा रेझिन ओढून काढा. वीण दिसली पाहिजे, चकाकणारं तळं दिसता कामा नये. आधीचा हात कडक व्हायच्या आत, नखाची खूण अजून उठतेय तोवर पुढचा दिला, तर मध्ये घासावं लागत नाही आणि पकडही रासायनिक बसते.

सगळ्यात मोठी बचत आतल्या 2.7 किलोंत आहे, आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहे. होडी वापरून झाल्यावर बाहेर काढून झाकून ठेवणार असाल आणि प्लायवूड चांगल्या मरीन प्रतीचं असेल, तर आत फक्त कडा, कोपरे आणि तळाचा भाग इपॉक्सीने बंद करून बाकीला चांगला प्राइमर आणि रंग दिला तरी चालतं. होडी महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहणार असेल तर ही काटकसर करू नका. आणि वाचलेला पैसा प्लायवूडवर लावा. हलक्या प्लायच्या आतल्या पोकळ्या कुठलंच इपॉक्सी भरून काढत नाही.

हार्डनर निवडताना तापमान बघा. तापमान 10 अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. डब्यावर लिहिलेली पॉट लाइफ, म्हणजे कालवलेलं मिश्रण वापरता येतं तेवढा वेळ, बहुतेक वेळा 25 अंशाला आणि 100 ग्रॅमच्या मिश्रणाची असते. उष्ण हवेत संथ हार्डनर घ्या, एका वेळी थोडंच कालवा आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता, कारण कपात राहिलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापत जातं आणि धूर सोडून दगड होतं. अशा एकेका कपानेच वीस टक्के वाया जातात. पाच मिनिटांत घट्ट होणारी छोट्या नळ्यांची इपॉक्सी होडीच्या सांध्यांना वापरू नका, ती पाण्यात टिकत नाहीत.

प्रमाणाबाबत एकच गोष्ट, पण ती चुकली तर बाकी सगळं फुकट. आकारमानाचं आणि वजनाचं प्रमाण वेगळं असतं, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. आकारमानाने 2:1 असलेलं मिश्रण वजनाने साधारण 100:43 येतं. नेमका आकडा पत्रकात असतो, तोच धरा. मी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा वापरतो: कप ठेवला, शून्य केलं, 70 ग्रॅम रेझिन, 30 ग्रॅम हार्डनर. मग दोन मिनिटं, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, घड्याळ बघून. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा नसतो. पॉलिस्टरमध्ये तसं थोडं मागेपुढे चालतं. इथे मात्र जादा हार्डनरला जोडी मिळत नाही आणि तो थरात तसाच राहतो. 1:1 ची मिश्रणं मोजायला सोपी वाटतात, पण बहुधा ती मऊ बाजूची असतात, तेव्हा पत्रक वाचल्याशिवाय घेऊ नका.

निवडलेल्या मालाचा सगळ्यात छोटा पॅक आणा आणि मोठा घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या. प्लायच्या दोन पट्ट्या काटकोनात फिलेटने जोडा, एका बाजूला काचपट्टी लावा. आठवडाभराने हातोडीने तोडा. लाकडाचे पापुद्रे फिलेटला चिकटून आले पाहिजेत. सांधा स्वच्छ सुटला तर माल किंवा तुमचं मिश्रण, दोन्हींपैकी काहीतरी चुकलंय. दुसरा तुकडा तासभर पाण्यात उकळा, थंड करा, मग तोडा. तिसरा काळा रंगवून दुपारभर उन्हात ठेवा आणि गरम असतानाच त्यावर नख दाबा. चौथा एका थंड, दमट रात्री उघड्यावर ठेवा. सकाळी त्यावर बोट फिरवून मेणचट, ओशट वाटलं तर तो अमाइनचा थर आहे: हार्डनरमधली अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून पृष्ठभागावर आलेली असतात. तेवढ्यावरून माल वाईट ठरत नाही. साधं पाणी आणि खरखरीत घासणीने तो धुऊन काढा आणि त्यानंतरच सँडपेपर लावा. न धुता घासलं तर तो थर खाली दाबला जातो, आणि पुढच्या वर्षी रंगाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीला येणाऱ्या होड्यांत मला सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच.

रंगाचं राहिलं. उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि शेवटी खडूसारखं भुरभुरतं, म्हणून त्यावर रंग किंवा अतिनील किरण अडवणारं व्हार्निश हवंच. रेझिन उष्णतेच्या कसोटीला जेमतेमच उतरलं असेल तर फिकट रंग द्या. काही एकघटकी तैलरंग ताज्या इपॉक्सीवर वाळत नाहीत, तेव्हा आधी छोट्या जागेवर लावून बघा.

हातमोज्यांवर पैसे वाचवू नका. नायट्राइलचे मोजे खोक्याने आणा आणि चिकट झाले की बदला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाला सहा वर्षं काही झालं नाही, सातव्या वर्षी मनगटांवर पुरळ उठला. आता ओल्या इपॉक्सीच्या खोलीत आला तरी त्याच्या पापण्या सुजतात. ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, साबण आणि पाणीच वापरा. पुरतं घट्ट न झालेलं इपॉक्सी घासाल तेव्हा मास्क लावा, ती धूळही तितकीच त्रास देते.

आणि तो गोठलेला डबा टाकू नका. थंडीत रेझिनचे स्फटिक होतात, मध गोठतो तसंच. झाकण सैल करून डबा 50 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवा, पाणी आत जाणार नाही हे बघा आणि अधूनमधून ढवळा. तळाशी एकही दाणा राहता कामा नये, नाहीतर त्याच्याभोवती पुन्हा स्फटिक धरतात. पूर्ण पारदर्शक झालं की थंड होऊ द्या, 100 ग्रॅम कालवा आणि वरच्या चारही परीक्षा आधी त्याच्यावरच करा. हार्डनर लालसर झाला असेल तर घाबरू नका, जुना झाला की तो गडद होतो आणि तरी काम करतो. फक्त पारदर्शक ठेवायच्या भागावर तो वापरू नका. डब्यावरचं लेबल शाबूत असेल आणि ते लॅमिनेटिंग रेझिन असेल, तर तुमचे निम्मे फिलेट त्यातच भरून होतील.